घरातला सर्वात कर्मठ माणूस

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा दीडशे वर्षांची आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. तेव्हापासून आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी आधी सतरंजीवर आणि नंतर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सगळं ऐकलं. आणि निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी, बारीक टाइपात, एक ओळ ठरलेली: 'कृपया लहान मुलांना आणू नये.' आजच्या पत्रिकेवरही ती आहे. म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं ती मंडळी घरी आणि आपण इथे. एका परीनं सोयीचंच झालं. ती असती तर पाचव्या मिनिटाला त्यांनी 'ही आजी कधी थांबणार?' असं मोठ्यांदा विचारलं असतं. तुम्ही मनात विचारता, एवढाच फरक.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी आयुष्यभर एका जुन्या घराच्या पडवीत बालवाडी चालवली. मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. पालक संध्याकाळी मुलांना न्यायला येत तेव्हा गमती सांगत. आमचा असं म्हणाला, आमच्या पोरीनं तसं केलं. बाई ऐकून घेत, हसतही. पण हसून झालं की विचारत, 'बरं, पण तो असं का म्हणाला असेल?' पालक गोंधळायचे. गंमत ती गंमत, तिला कारण कसलं? बाईंच्या त्या प्रश्नाचं बोट धरूनच मी आज बोलणार आहे.

लहान मूल हा घरातला सर्वात बेशिस्त प्राणी, असा आपला समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. दोन ते पाच या वयातलं मूल हा घरातला सर्वात कर्मठ माणूस असतो. जुन्या काळच्या आजेसासूबाईंचं सोवळं परवडलं, त्यांना निदान आपद्धर्म मान्य होता.

पोळीचंच घ्या. सकाळची घाई, डबे भरायचेत, तवा तापलाय. अडीच वर्षांचं पोर ताटलीसमोर बसलंय. त्याला खायला सोपं जावं म्हणून आई पोळीचे चार तुकडे करते आणि घरात हाहाकार उडतो. 'जोड!' पोर ओरडतं. आता पोळी जोडणार कशी? दुसरी अख्खी पोळी दिली तर ती 'ती' नसते. तुकडे तुपानं चिकटवण्याचा प्रयोग आमच्या घरी झालेला आहे; चिकटत नाहीत. शेजारच्यांना वाटतं पोराला बदडलं.

लिफ्टचं बटण बाबांनी चुकून दाबलं की पाचव्या मजल्यावरून परत खाली यायचं, बाहेर पडायचं, दार लागू द्यायचं आणि मग सगळा विधी पहिल्यापासून. वरण भाताच्या शेजारी हवं, भातावर नको. हिरवा पेला दुधाचा, निळा पाण्याचा. निळ्यातलं दूध दूधच नव्हे. आजीनं घाईत आईच्या चपला पायात सरकवल्या की याचा जीव खालीवर. आजोबांच्या खुर्चीत पाहुणे बसले तर हा त्यांना सरळ 'ऊठ' म्हणतो आणि घरातले ओशाळून म्हणतात, 'लहान आहे हो.' लहान आहे म्हणूनच म्हणाला. मोठा असता तर पाहुण्यांसमोर हसून, ते गेल्यावर बोलला असता.

आता त्याच्या बाजूनं पाहा. त्याला कधी उठवायचं, काय घालायचं, कुठे न्यायचं, कुणाकडे सोडायचं, हे सगळं दुसरे ठरवतात. काल रात्री घरात असलेली मावशी आज सकाळी नाही. ती का गेली, परत येणार का, कुणी सांगितलेलं नाही. अशा जगात चार गोष्टी त्याच्या हाती लागलेल्या असतात: पोळी गोल असते, बटण मी दाबतो, हिरव्यात दूध असतं, खुर्ची आजोबांची. एवढ्यावर त्याचा कारभार चालतो. त्यातलीही एखादी हलली तर त्यानं धरायचं कशाला? आपल्याला ती पोळी दिसते, त्याच्या हातून मात्र कायदा निसटलेला असतो.

गोष्टीच्या बाबतीत हा कर्मठपणा वेदपाठशाळेतल्या गुरुजींनाही मागे टाकणारा. काऊ-चिऊची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊचं दार ठोठावतो आणि ती बाळाचं काही ना काही काम काढून त्याला ताटकळत ठेवते. आता त्या कामांचा क्रम बदलून पाहा. दिवसभर दमलेला बाप दोन कामं गाळून काऊला लवकर घरात घ्यायला बघतो. अंथरुणातलं पोर, ज्याचे डोळे अर्धे मिटलेत, ते ताडकन उठून बसतं. 'न्हाऊ राहिलं!' परत पहिल्यापासून. गोष्ट लवकर संपवायला जावं तर ती दुप्पट लांबते, हे प्रत्येक बापाला कधीतरी कळतं.

पाठ ठरलेला असला तरी शंका नव्या असतात. काऊनं बेल का नाही वाजवली? वॉचमनकाका कुठे गेले होते? शेणाचं घर हा तर दोन दिवसांच्या हसण्याचा ऐवज, कारण शहरातल्या पोराला शेण म्हणजे 'गाईची शी' एवढंच ठाऊक. पण सगळ्यात अवघड शंका वेगळी. माझ्या नातीनं विचारली आणि तिच्याआधी बालवाडीतल्या कितीतरी मुलांनी विचारली: पाऊस पडत होता तर चिऊनं लगेच दार का नाही उघडलं? आपण पिढ्यान् पिढ्या त्या चिमणीला संसारी, टापटिपीची म्हणून दाखवत आलो. तीन वर्षांच्या पोराला ती दुष्ट वाटते. मला विचाराल तर पोराचंच बरोबर आहे.

हाच कर्मठपणा भाषेत शिरला की आपण त्याला बोबडे बोल म्हणतो. 'बाबा ऑफिसला जाला.' 'आजी येली.' 'मी चित्र करलं.' ऐकणारे हसतात, फोन करून नातेवाइकांना ऐकवतात. पण घरात 'जाला' कोण म्हणतं? कुणीच नाही. मग मुलानं ते ऐकलं कुठून? ऐकलंच नाही, तयार केलं. बसतो-बसला, पडतो-पडला, हसतो-हसला, म्हणून जातो-जाला. व्याकरणाचं पुस्तक त्याला कुणी दिलेलं नाही. आपल्या बडबडीतून त्यानं नियम उपसून काढला आणि तो सरसकट लावला. गंमत अशी की तेच मूल सहा महिन्यांपूर्वी 'गेला' असं बरोबर म्हणत होतं. तेव्हा ते पोपटपंची करत होतं. आता चुकतंय, कारण आता त्याला कळायला लागलंय. पालक मात्र काळजीत पडतात, की आधी नीट बोलायचा, आता बिघडला.

अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी १९५८ साली हे फार सुरेख रीतीनं दाखवलं. त्यांनी जगात नसलेल्या एका पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र काढलं, त्याला 'वग' असं मनानं नाव दिलं आणि मुलांना विचारलं: हा एक वग, आता दोन आहेत, मग हे दोन काय? शब्द जन्मात ऐकलेला नसूनही चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी त्याचं इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. पाठांतरानं हे होत नाही.

मराठी घरात आणखी एक प्रकार दिसतो. दिवसभर आई, आजी आणि सांभाळणाऱ्या मावशी यांच्या सहवासात राहणारा मुलगा बिनदिक्कत म्हणतो, 'मी येते', 'मी खाते', 'मी नाही जाणार, दमले मी.' त्याचं तरी काय चुकलं? 'मी'नंतर काय येतं हे त्यानं ज्यांच्या तोंडून ऐकलं त्या सगळ्या बायका. काका-मामा थट्टा करतात, 'अरे, तू मुलगी आहेस का?' माझा या थट्टेवर राग आहे. त्या वाक्यात मुलाला व्याकरण कुणी शिकवत नाही. बाईसारखं बोलणं कमीपणाचं असतं, एवढंच तो शिकतो. व्याकरण त्याचं तो चार-सहा महिन्यांत सुधारतो, दुसरा धडा मात्र जन्मभर टिकतो.

आकड्यांचीही तीच कथा. 'वीस-आठ, वीस-नऊ, वीस-दहा, वीस-अकरा' असं मोजणारं मूल तुम्ही ऐकलं असेल. एकोणतीस हा आकडा त्याच्या दृष्टीनं शुद्ध फसवणूक आहे. विसातला शेवटचा गडी, आणि नाव तिसाचं! बरं, हेही त्यानं एकदा मान्य केलं, एकोणचाळीस, एकोणपन्नास करत एकोणनव्वदपर्यंत नेलं, आणि मग मोठ्या ऐटीत म्हणालं 'एकोणशंभर', तर आपण म्हणतो, चूक, नव्व्याण्णव. नियम त्यानं पाळला, मोडला आपण, आणि हसतोही आपणच.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढं वादळ उठलं होतं, आठवतं ना? 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायची मुभा त्या पुस्तकानं दिली. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण कमी व्हावी हा हेतू. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत विनोद झाले, मराठी बुडाली असं अनेकांनी जाहीर केलं. मी मराठीची कट्टर आहे, 'पंच्याऐंशी' म्हणताना मला गोडच वाटतं. पण त्या सगळ्या गदारोळात मुलांना कुणी विचारलं नाही. ती आधीपासून घरोघरी 'वीस सात' म्हणत होती आणि तेव्हा आपण त्याला गोड बोबडं बोलणं म्हणत होतो. तेच पुस्तकात छापल्यावर संस्कृतीचा ऱ्हास झाला!

लपाछपीचं थोडक्यात सांगते. पडद्यामागे तोंड खुपसून, बाकीचं सगळं अंग बाहेर ठेवून उभं असलेलं पोर, किंवा खोलीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी डोळे झाकून 'शोध मला' म्हणणारं पोर प्रत्येक घरात असतं. पूर्वी सांगत, की मला दिसत नाही म्हणजे कुणालाच दिसत नाही असं त्याला वाटतं. केंब्रिज विद्यापीठात जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांनाच विचारून पाहिलं. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलं म्हणाली, माझं अंग तुला दिसतंय, पण 'मी' दिसत नाही. नजरेला नजर मिळाली तरच माणूस दिसला, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब मला तरी वेडगळ वाटत नाही. जेवणाच्या टेबलाभोवती चार माणसं आपापल्या फोनमध्ये मान घालून बसतात तेव्हा कोण कुणाला दिसतं?

फोनवरून आठवलं. आजी पलीकडून विचारते, 'जेवलास का?' आणि पोर इकडे गंभीरपणे मान हलवतं. आजी परत विचारते, पोर परत मान हलवतं, आता जरा रागानं. व्हिडिओ कॉल आल्यापासून ही गंमत गेली. त्याऐवजी आजीच्या तोंडात घास भरवून पडदा बरबटवण्याची नवी गंमत आली. नातवंडं परदेशी असलेल्या इथल्या किती आज्यांनी पडद्यातून आलेला तो घास खाऊन दाखवला असेल!

आता मला जरा जास्त वेळ घ्यायचाय तो खोटं बोलण्यावर. मुलं खोटं बोलायला कधी लागतात, हा पालकसभेतला हुकमी प्रश्न. त्याआधी आपण कधी लागतो ते पाहू. मराठी घरातलं मूल थापांवरच वाढतं. ते पडलं, गुडघा खरचटला, की आजी जमिनीवर हात आपटते, जमिनीला 'हात्' करते आणि सांगते, 'मुंगी मेली बघ.' रडं थांबतं, कारण पोर मेलेली मुंगी शोधायला लागतं. ती कधीच सापडत नाही. मोबाइल लपवला तर काऊनं नेला. चॉकलेटं संपवली तर काऊनं नेली. आई कामाला गेली तर भुर्र गेली, आत्ता येते. हे 'आत्ता' संध्याकाळी साडेसातला उगवतं. जेवत नाही तर बागुलबुवा येईल. त्याला पोरं भीक घालेनाशी झाली तेव्हा आपण पोलीस आणि डॉक्टर आणले आणि मग दवाखान्याच्या पायरीवर पोरानं भोकाड पसरलं की म्हणतो, 'याला डॉक्टरांची उगाच भीती वाटते.'

एका ओळखीच्या घरी मुलीचा पहिला दात पडला. आपल्याकडे दात छपरावर टाकायचा, उंदीर त्याच्या बदल्यात नवा देतो. चौदाव्या मजल्यावर छप्पर आणायचं कुठून? तिच्या आजीनं तोडगा काढला आणि दात तुळशीच्या कुंडीत पुरला. ती मुलगी रोज सकाळी कुंडीला पाणी घालून वाकून बघायची. घरच्यांना वाटलं, काय गुणाची पोर, तुळशीला पाणी घालते. तिला तिथे दात उगवायला हवा होता.

मग एके दिवशी बाबांच्या स्कूटरची किल्ली सापडत नाही. घर उलथंपालथं होतं. शेवटी घरातल्या सर्वात धाकट्या सभासदाकडे चौकशी जाते. तो शांतपणे सांगतो, 'काऊनं नेली.' किल्ली मिक्सरच्या भांड्यात निघते. 'लबाड!' म्हणून सगळे त्याचे गालगुच्चे घेतात. यात त्याची लबाडी कुठे आली? वस्तू दिसेनाशी झाली की ती काऊकडे असते, हा या घरचा नियम आहे, आणि तो आपण त्याला शिकवला.

खरी थाप नंतर येते आणि तिला पुष्कळ अक्कल लागते. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण तो आपल्या स्वयंपाकघरात आणू. बंडू लाडू डब्यात ठेवून खेळायला जातो. आई तो डब्यातून काढून फ्रीजमध्ये ठेवते. बंडू परत आला, तो लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, फ्रीजमध्ये. लाडू तिथे आहे ना, मग बंडू तिथेच शोधणार. चार-पाच वर्षांचं म्हणतं, डब्यात. कारण बंडूला कुठे माहीत आहे? मधल्या त्या वर्षभरात केवढी उडी पडली पाहा. माझ्या डोक्यात आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात नसू शकतं, हे त्याला उमगलं. हे उमगल्याशिवाय नीट थाप मारता येत नाही. आणि हे उमगल्याशिवाय दुसऱ्याची कीवही येत नाही. दोन्ही एकाच दारानं घरात येतात, त्याला काय करणार?

अर्ध्या अकलेची थापही असतेच. चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला तेव्हा डार्विननं त्याच्यावर टिपणं ठेवली आणि ती थेट १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात छापली. त्यात एक प्रसंग आहे. मुलगा पावणेतीन वर्षांचा असेल. जेवणाच्या खोलीतून तो बाहेर येताना बापाला दिसला, अंगावरचं झबलं नीट गुंडाळून धरलेलं. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला काही नाही, आणि वर बापालाच तिथून जायला फर्मावत राहिला. झबल्यावर लोणच्याच्या खाराचे डाग होते. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाच्या घरीही लोणच्याची बरणी सुरक्षित नव्हती! मला या टिपणात आवडतं ते हे, की डार्विननं शंखशिंपल्यांकडे आणि कबुतरांकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं त्याच डोळ्यांनी पोराच्या झबल्याकडे पाहिलं. मुलाला निव्वळ त्याच्या चांगल्या भावनांना साद घालून वाढवल्यामुळे तो लवकरच मोकळा आणि सच्चा झाला, असंही त्यानं पुढे नोंदवलंय.

असे डोळे आपल्याकडेही होते. भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. गावातल्या गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. त्या दोघींनी 'या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही' असं म्हटलं नाही. मुलं का येत नाहीत, हा प्रश्न विचारला आणि बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मॉण्टेसोरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. पुढे १९५७ साली कोसबादच्या टेकडीवर काम गेलं, तिथली आदिवासी मुलं गुरांमागे रानात जायची, तर शाळा कुरणात भरली. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळालं. आज देशभरातल्या गावांतून ते नाव आहे. त्यामागचा बोर्डीचा तो प्रश्न किती ठिकाणी विचारला जातो, याचं उत्तर अंगणवाडीसेविकांच्या मानधनाच्या पावतीवर वाचावं.

ताराबाई-अनुताईंनी मुलांना हसण्यावारी नेलं नाही, म्हणजे त्या हसत नव्हत्या असं नाही. हसल्याशिवाय या वयाबरोबर दिवस काढताच येत नाही. माझी तक्रार वेगळ्या हसण्याबद्दल आहे. पाहुणे आले की 'काकांना करून दाखव', 'सिंह कसा करतो?', 'बाबा कसे घोरतात?' सुरू होतं. आता त्याला मोबाइलची जोड मिळाली. पोर पोळीसाठी टाहो फोडतंय आणि आई, आधी पोळी का समजूत, हे न ठरवता कॅमेरा चालू करतेय. ते रडणं संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकांनी पाहिलेलं असतं. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आपण आजारपणात, दुःखात रडतो तेव्हा कुणी असं केलं तर त्याच्याशी बोलणं टाकू. मूल बोलणं टाकत नाही, कारण त्याला दुसरं घर नाही.

म्हणून मी पालकांना वहीचा आग्रह धरते. साधी शंभर पानी वही, स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली. पोर काय म्हणालं, त्याच्या शब्दांत, तारीख घालून. शेजारी, जमलं तर, असं का म्हणालं असेल. 'जाला'ला 'गेला' करून लिहू नका, तेवढं एक पथ्य. कारण साधं आहे: मोठ्या माणसाची सर्वात जुनी आठवण साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या मागे जात नाही. आयुष्यातला सगळ्यात खटाटोपाचा काळ ज्याचा तोच विसरतो. आणि आपल्यालाही आठवतं असं समजू नका. पहिल्या मुलाचं दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, भावाचं बहिणीच्या. माझी मुलं आज कोण काय म्हणालं यावरून भांडतात तेव्हा वहीच निवाडा करते. बायकांनी या वह्या लिहायच्या आणि पुरुषांनी त्यावर व्याख्यानं द्यायची, हेही फार झालं. वहीला पेन बांधून ठेवा, घरातल्या बापानं उचललं तर चालतं.

समोर बसलेल्या तरुण आईबापांच्या चेहऱ्यावर मला एक व्यावहारिक प्रश्न दिसतोय: हे सगळं खरं, पण सकाळी सातला रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि पोर 'मी माझं माझं' म्हणत एकाच बटणाशी झटतंय, तेव्हा काय करायचं? माझ्याकडे मंत्र नाही. बाईंची रीत सांगते. त्या मुलांना अर्धा तास आधी उठवायला सांगत. पालक म्हणत, अर्धा तास आणायचा कुठून? बाई म्हणत, रात्रीच्या मालिकेतून. आज त्यांनी कुठलं यंत्र खाली ठेवायला सांगितलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण दोघंही आठ-आठ तास राबणाऱ्या, लोकलमध्ये तीन तास घालवणाऱ्या घराला हे सांगताना माझी जीभ रेटत नाही. अशा घरात कधीकधी बटण आईनंच लावायचं आणि संध्याकाळी उघडायचं काम पोराला द्यायचं. उघडणं सोपंही असतं, आणि संध्याकाळी हॉर्न नसतो.

आता शेवटचं. हा कर्मठपणा जातो कधी? माझं उत्तर: मूल स्वतः पहिला विनोद करतं तेव्हा. कोर्नेई चुकोव्हस्की या रशियन लेखकानं मुलांच्या बोलण्यावर 'दोन ते पाच' नावाचं पुस्तक लिहिलं. आईबापांनी पाठवलेल्या पत्रांवर ते वाढत गेलं. त्यात तो आपल्या मुलीची हकिकत सांगतो. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती. एक दिवस ती बापाकडे आली आणि कुत्रा म्याव करतो असं जाहीर केलं. बापानं बापासारखं केलं, चूक सुधारली. तिनं परत तेच सांगितलं आणि हसत राहिली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही उलटेसुलटे प्राणी ओरडवायला लागला. कुत्रा भुंकतो हे तिला पक्कं माहीत झालं होतं, म्हणून ते उलटं करायची तिला आता भीती उरली नव्हती.

ज्या मुलाला पोळी अजून गोलच हवी, त्याला चौकोनी पोळीचा विनोद कळत नाही, ते रडतं. साठच्या दशकात विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' लिहून मराठी मुलांना उफराटं जग दिलं, ते मी बालवाडीत वाचायची तेव्हा वर्गाचे दोन भाग पडायचे. पाच वर्षांची मुलं जमिनीवर लोळून हसायची आणि तीन वर्षांची चिंतातुर चेहऱ्यानं माझ्याकडे बघायची, की बाई, असं कसं चालेल?

माझी नात गेल्या महिन्यात पाच वर्षांची झाली. परवा ताटावर बसली, पोळी उचलली, माझ्याकडे बघत तिचे टराटरा दोन तुकडे केले, आणि बापाला म्हणाली, 'जोड!' तो बिचारा, जुन्या अनुभवानं, खरोखर तुपाचं भांडं आणायला उठला.